महागडी मेमरी फोम गादी घ्यायची की नाही? पैसे मोजण्याआधी काय तपासावं

मेमरी फोमच्या सर्वांत महाग गादीला एवढे पैसे द्यावेत का? काही जणांनी जरूर द्यावेत, बहुतेकांनी देऊ नयेत. तुम्ही कोणत्या गटात बसता हे ठरवायला तीन गोष्टी कळल्या की पुरे: तुमचं शरीर आणि झोपायची पद्धत, गादीच्या आतल्या थरांची घनता, आणि विक्रीच्या अटी. दुकानात मात्र चर्चा होते ती उंचीची, थंडाव्याची आणि कापडाची. म्हणून हा लेख उलट्या बाजूने लिहिला आहे. आधी स्वतःकडे बघायचं, मग फोमकडे, आणि किमतीचा आकडा सगळ्यात शेवटी.

त्याआधी मेमरी फोमची थोडी ओळख. हा फोम म्हणजे पॉलियुरेथेनचाच एक प्रकार. १९६६ साली नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी काम करताना चार्ल्स योस्ट या अभियंत्याने विमानाच्या आसनांकरता तो विकसित केला. धक्का शोषून घेणारी आणि जास्त वेळ बसलं तरी न टोचणारी बैठक हवी होती. पुढे १९९१ मध्ये फागरडाला या स्वीडिश कंपनीने त्याची गादी बाजारात आणली आणि तिथून हा प्रकार घरोघरी पोचला. आज हा फोम बनवणारे कारखाने ढिगाने आहेत, त्यामुळे 'अंतराळ तंत्रज्ञान' असं लिहून कोणी भाव वाढवत असेल तर तेवढे पैसे मनातल्या मनात वजा करून टाका.

साध्या फोमवर दाब दिला की तो लगेच उलट ढकलतो. मेमरी फोम आळशी आहे. अंगाची ऊब आणि वजन मिळालं की तो हळूहळू मऊ होतो, शरीराच्या आकाराप्रमाणे बसतो आणि दाब काढल्यावर सावकाश वर येतो. प्रयोगशाळेत फोमवर पोलादी गोळी टाकून ती किती उंच उडते ते मोजतात. मेमरी फोमवर ती टाकलेल्या उंचीच्या २० टक्केही सहसा वर येत नाही, चांगल्या एचआर (हाय रेझिलियन्स, म्हणजे जास्त उसळी देणाऱ्या) फोमवर मात्र ६० टक्क्यांच्या आसपास उडते. या एका गुणातून मेमरी फोमचे सगळे फायदे निघतात आणि सगळ्या तक्रारीही.

पायरी १: हा फोम तुमच्यासाठी आहे का?

कुशीवर झोपणाऱ्यांना मेमरी फोमचा सर्वांत जास्त उपयोग होतो. कुशीवर असताना वजन खांदा आणि नितंब या दोनच ठिकाणी एकवटतं. गादी कडक असेल तर खांदा दुखतो, हाताला मुंग्या येतात आणि माणूस रात्रभर कूस बदलत राहतो. मेमरी फोम त्या दोन जागी खोल जातो, कमरेखालची पोकळी भरून काढतो आणि दाब पसरवतो. तुम्ही कुशीवर झोपत असाल आणि सकाळी खांदा धरलेला असेल, तर पुढचं सगळं नीट वाचा.

उताणं झोपणाऱ्यांना फायदा होतो, पण थोडा. फोमचा थर फार जाड नसावा, नाहीतर नितंब खाली जातात आणि कंबर वाकते. पालथं झोपणाऱ्यांनी जाड आणि मऊ मेमरी फोमच्या वाटेला जाऊच नये. पोटाचा भाग खाली गेला की पाठीला उलटा बाक येतो आणि सकाळी कंबर बोलायला लागते. किंमत कितीही असली तरी हे बदलत नाही. उलट महाग गाद्यांमध्ये वरचा थर अधिक जाड असल्यामुळे त्रास वाढण्याचीच शक्यता जास्त.

कंबरदुखीसाठी 'जितकी कडक तितकी चांगली' हा समज अजून घट्ट आहे. २००३ साली 'लान्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. जुनाट कंबरदुखी असलेल्या ३१३ लोकांना ९० दिवस एकतर कडक किंवा मध्यम कडक गादी दिली. मध्यम कडक गादीवाल्यांचा त्रास जास्त कमी झाला. लक्षात घ्या, तिथे तुलना कडकपणाची होती, मेमरी फोमची नव्हे. त्यामुळे 'कंबरदुखीवर उपाय' म्हणून महाग मेमरी फोम विकणाऱ्याला या अभ्यासाचा आधार मिळत नाही. मध्यम कडक गादी कोणत्याही फोमची, स्प्रिंगची किंवा लॅटेक्सची असू शकते.

वजनाचा मुद्दा दुकानात फारसा कोणी काढत नाही, पण तो मोठा आहे. साधारण ६० किलोच्या आतली माणसं दाट मेमरी फोममध्ये पुरेशी आत जातच नाहीत. त्यांना तो कडक फळीसारखा लागतो आणि पैसे वाया गेल्यासारखं वाटतं. शंभर किलोच्या पुढच्या माणसाला पातळ किंवा हलका फोम काही महिन्यांत दबून जातो. म्हणजे महाग, दाट फोमचा खरा गिऱ्हाईक भारी वजनाचा माणूस आहे. हलक्या माणसाने त्याच किमतीत दुसरं काहीतरी बघावं.

जोडीदार असेल तर आणखी एक गोष्ट पाहा. एकाने कूस बदलली की दुसऱ्याला जाग येते, अशी तक्रार असेल तर मेमरी फोमसारखा उपाय नाही. हालचाल तो जागच्या जागी जिरवतो, आणि हे काम मध्यम किमतीचा फोमही चोख करतो. उलट बाजू अशी की याच आळशीपणामुळे स्वतःला कूस बदलायला जोर लावावा लागतो. सांधेदुखी असलेल्या किंवा शस्त्रक्रियेतून उठलेल्या माणसाला हे फार जड जातं. ज्यांना रात्री उकडतं त्यांनीही विचार करावा, कारण शरीर जितकं आत रुततं तितकी हवा कमी फिरते.

तान्ह्या बाळाला अशा गादीवर झोपवू नका. बाळासाठी सपाट आणि टणक पृष्ठभाग लागतो आणि तोंड फोममध्ये रुतलं तर धोका असतो. पाहुण्यांच्या खोलीसाठी महाग गादी घेणं म्हणजे पैशांना झोपवून ठेवणं, त्यावर अधिक लिहायची गरज नाही.

पायरी २: थरांची घनता विचारा, आणि लेखी मागा

आता मूळ मुद्दा. मेमरी फोमची गादी म्हणून जी विकली जाते ती आरपार मेमरी फोमची नसते आणि नसावीही. वर साधारण ५ ते १० सेंटिमीटर मेमरी फोम, मध्ये कधी एखादा जोडथर, आणि खाली १५ सेंटिमीटरच्या आसपास साध्या किंवा एचआर फोमचा पाया. वरचा थर सुख देतो, खालचा आधार. बहुतेक लोक वरच्या थराबद्दलच विचारतात. गादीत खळगा पडतो तेव्हा दोष मात्र बऱ्याचदा पायाचा असतो.

घनता म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन. वरच्या मेमरी फोमसाठी ढोबळ हिशेब असा ठेवा: घनमीटरला ५० किलोच्या आत असेल तर हलका, ५० ते ८० मध्ये मध्यम, ८० च्या पुढे दाट. पायाच्या फोमला २८ ते ३२ किलो किंवा त्याहून जास्त असावं. काही ठिकाणी घनता पाउंड प्रति घनफुटात लिहिलेली असते, त्या आकड्याला १६ ने गुणा. म्हणजे ३ पाउंड म्हणजे ४८ किलो, ४ म्हणजे ६४, ५ म्हणजे ८०.

घनता आणि कडकपणा एकच नव्हे, इथे भल्याभल्यांची गल्लत होते. दाट फोम मऊ असू शकतो आणि हलका फोम कडक. कडकपणा वेगळ्या चाचणीने मोजतात: ठरावीक आकाराची तबकडी फोममध्ये त्याच्या जाडीच्या २५ टक्के खोल दाबायला किती जोर लागतो, ते पाहतात. घनता मुख्यतः टिकाऊपणा सांगते. दाट फोममध्ये सामग्री जास्त असते, म्हणून तो वर्षानुवर्षं दबून पुन्हा वर येऊ शकतो. महाग गादीचं समर्थन करायचंच तर इथेच करता येतं, कारण दाट फोम बनवायला कच्चा माल खरोखर जास्त लागतो.

विक्रेत्याने आकडा सांगितला नाही तर गादीचं वजन विचारा. पाठवणीच्या माहितीत ते बहुधा दिलेलं असतं. समजा गादी २ मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि २० सेंटिमीटर जाड आहे. वरचा ५ सेंटिमीटर थर म्हणजे ०.१५ घनमीटर, खालचा १५ सेंटिमीटर म्हणजे ०.४५ घनमीटर. वरचा फोम ६० चा आणि खालचा ३० चा असेल तर ९ अधिक १३.५, म्हणजे साडेबावीस किलो. त्यात खोळीचं वजन वेगळं. वरचा ४५ चा आणि पाया २० चा असेल तर पावणेसोळा किलोच भरतात. दोन्ही गाद्या दिसायला तंतोतंत सारख्या, पण उचलताना जवळजवळ सात किलोंचा फरक. 'अतिदाट फोम' म्हणून जाहिरात केलेली याच मापाची गादी सोळा-सतरा किलोंची निघाली तर काय समजायचं ते समजा.

हा हिशेब पूर्ण पुरावा नाही. फोममध्ये खडूची पूड मिसळून वजन वाढवता येतं, आणि तुकडे दाबून बनवलेला रिबॉन्डेड फोम किंवा काथ्याचा थर खाली असेल तरी वजन वाढतं. म्हणून उलट दिशेने वापरा: वजन कमी निघालं तर गादी हलकीच आहे हे नक्की, जास्त निघालं तर आणखी प्रश्न विचारा. खालचे प्रश्न लेखी पाठवले की बराच उलगडा होतो:

- वरच्या मेमरी फोमची जाडी किती आणि घनता किती?
- पाया कोणत्या फोमचा आहे, त्याची घनता किती?
- मध्ये काथ्या, रिबॉन्डेड किंवा दुसरा कुठला थर आहे का?
- खोळ काढता येते का, आणि आत काचतंतूंचा थर आहे का?

शेवटचा प्रश्न विचित्र वाटेल. आग लवकर पकडू नये म्हणून काही गाद्यांच्या आतल्या आवरणात काचतंतू वापरतात. चेन उघडून खोळ धुवायला काढली की ते घरभर पसरतात आणि निघता निघत नाहीत. लेबल वाचल्याशिवाय चेन उघडायची नाही.

घनता सांगायला टाळाटाळ करणाऱ्या महाग गादीवर मी फुली मारतो. स्वस्त गादीवाल्याने नाही सांगितलं तर एकवेळ चालेल. वरच्या दर्जाचे पैसे घेणाऱ्याला आतल्या मालाचा आकडा सांगायला अडचण नसावी.

पायरी ३: जाहिरातीतली विशेषणं बाजूला काढा

जेल, तांबं, कोळसा, कोरफड. फोममध्ये यातलं काहीही मिसळलं तरी रात्रभर थंडावा मिळतो असं नाही. जेलमुळे हात लावल्यावर थोडा गारवा जाणवतो, कारण ते ऊब पटकन खेचून घेतं. शरीर आणि जेल एका तापमानाला आले की संपलं. अवस्था बदलणारे पदार्थ वापरलेल्या महाग खोळींचंही तसंच. ते वितळताना उष्णता शोषतात, आणि पूर्ण वितळले की थांबतात. झोप लागेपर्यंतचा वेळ सुखाचा जाऊ शकतो, पहाटे तीनला घाम फुटत असेल तर त्याचा उपयोग नाही. उकाड्याचा त्रास खरोखर असेल तर पातळ मेमरी थर आणि खाली स्प्रिंग असलेली गादी घ्या, तीत हवा खेळती राहते.

गादीची उंची हा दुसरा मोह. ३० सेंटिमीटरची गादी २० पेक्षा भारदस्त दिसते, पण वाढलेली उंची बऱ्याचदा हलक्या पायाच्या फोमची असते. नेहमीच्या वजनाच्या माणसाला २० ते २५ पुरतात.

प्रमाणपत्रांना मात्र किंमत आहे, ती कशाची हे कळलं तर. सर्टीपूर हे फोमसाठी आहे: ठरावीक घातक रसायनं आणि जड धातू नाहीत, हवेत सुटणारी रसायनं मर्यादेत आहेत, एवढं ते सांगतं. ओएको-टेक्स स्टँडर्ड १०० मुख्यतः कापडासाठी. गादी किती वर्षं टिकेल याबद्दल दोन्हीपैकी एकही बोलत नाही.

पायरी ४: किंमत वर्षांत वाटा

एक साधा हिशेब करा. साधी गादी पाच वर्षं टिकेल असं धरा. महाग गादी तिच्या तिप्पट किमतीची असेल, तर वर्षाला तेवढाच खर्च पडायला ती पंधरा वर्षं टिकायला हवी. फोमची गादी पंधरा वर्षं चांगल्या अवस्थेत राहील यावर मी पैज लावणार नाही. दीडपट किंमत असेल तर साडेसात वर्षांत बरोबरी होते, आणि दाट फोमला ते जमण्यासारखं आहे. दुप्पट असेल तर दहा वर्षं, म्हणजे काठावर.

म्हणून माझं मत असं: दुपटीच्या पुढची किंमत टिकाऊपणाच्या नावावर वसूल होत नाही. तिथून पुढे जे द्याल ते झोपेच्या सुखासाठी. खांदा दुखायचा थांबत असेल, जोडीदाराच्या हालचालीने मोडणारी झोप सलग लागत असेल, तर तेही पैसे योग्यच. पण ते सुख वापरून पाहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून पुढची पायरी महत्त्वाची.

मधला रस्ताही आहे. सध्याची गादी सपाट आणि मजबूत असेल, फक्त कडक वाटत असेल, तर त्यावर ५ ते ७ सेंटिमीटरचा दाट मेमरी फोम टॉपर टाका. ज्या वरच्या थरासाठी आपण महाग गादी घेतो तोच थर वेगळा मिळतो, आणि दबला तर तेवढाच बदलता येतो. मात्र जुन्या गादीत खळगा असेल तर टॉपर त्याच खळग्यात बसतो. खड्डा झाकायला टॉपर घेऊ नका.

पायरी ५: झोपून बघा, हाताने दाबून नव्हे

दुकानात गादीवर पंजा दाबून 'वा' म्हणण्यात अर्थ नाही. पंजाला जे मऊ लागतं ते खांद्याला कडक लागू शकतं. चपला काढा, घरची उशी शक्य असेल तर सोबत न्या, आणि ज्या अंगावर झोपता त्याच अंगावर किमान दहा-पंधरा मिनिटं पडून राहा. मेमरी फोमला गरम होऊन बसायला वेळ लागतो, पहिल्या दोन मिनिटांतलं मत फसवं असतं. सोबतच्या माणसाला मागून बघायला सांगा: कुशीवर असताना मानेपासून माकडहाडापर्यंत पाठीची रेघ सरळ दिसली पाहिजे. मधेच खाली लवली तर गादी मऊ, खांद्याजवळ वर उचलली गेली तर कडक.

मग पंजाचा उपयोग करा, पण वेगळ्या कामासाठी. तळहात दहा-पंधरा सेकंद दाबून धरा आणि उचला. चांगल्या फोममध्ये ओल्या वाळूत उमटावा तसा पंजा दिसतो आणि काही सेकंदांत कडांकडून सावकाश भरत येतो. हात उचलताच फोम टुणकन वर आला तर वरचा थर नावापुरता आहे, किंवा जाड रजईदार खोळीने फोम झाकून टाकलाय. बराच वेळ ठसा राहिला तर कूस बदलताना त्रास होईल. शेवटी काठावर बसा. पूर्ण फोमच्या गादीची कड बहुधा कमजोर असते. काठावर बसून पायमोजे घालणाऱ्याला आणि पलंगावरून उठायला आधार लागणाऱ्या माणसाला हे रोज जाणवतं.

खोली गार असेल तर फोम कडक लागेल, उबदार असेल तर मऊ. एसीच्या दुकानात घेतलेली गादी उन्हाळ्यात घरी वेगळीच वाटते, ती बदलून दिली म्हणून भांडायला जाऊ नका.

पायरी ६: ट्रायल आणि वॉरंटीची बारीक अक्षरं

घरी वापरून बघण्याची मुदत ही महाग गादीची खरी जमेची बाजू. परत आलेल्या गाद्यांचा खर्च किमतीत धरलेलाच असतो, म्हणजे त्या सोयीचे पैसे तुम्ही दिलेलेच आहेत, तर वापरा. नवीन फोम सुरुवातीला थोडा ताठ असतो आणि अंगालाही सवय व्हायला दोन-तीन आठवडे जातात, त्याआधी निकाल लावू नका. विचारायचं ते हे: किती दिवस वापरल्यावर परत करता येते, नेण्याचा खर्च कोणाचा, पूर्ण पैसे परत मिळतात की फक्त दुसरी गादी, आणि मूळ खोक्याची अट आहे का. दाबून गुंडाळलेली गादी एकदा फुगली की घरी पुन्हा त्या खोक्यात बसत नाही.

वॉरंटीत वर्षांचा आकडा मोठा असतो, तिकडे बघू नका. खळगा किती खोल पडला तर दोष मानतात, ते बघा. हा आकडा साधारण २ ते ४ सेंटिमीटरच्या दरम्यान असतो आणि तो गादीवर कोणी नसताना मोजतात. मेमरी फोमची मेख इथे आहे: नुसता फोम जेमतेम २ सेंटिमीटर दबलेला दिसतो, पण मऊ पडल्यामुळे माणूस झोपल्यावर पाच सेंटिमीटर खाली जातो, आणि कागदावर दोष शून्य. त्यामुळे कमी खोलीची अट असलेली वॉरंटी जास्त मोलाची. काही वॉरंटींत पहिल्या काही वर्षांनंतर भरपाई दरवर्षी घटत जाते, तेही वाचा. डाग पडलेली गादी बहुतेक कंपन्या नाकारतात, म्हणून पहिल्या दिवसापासून पातळ, ताणला जाणारा जलरोधक कव्हर घाला. जाड आणि ताठ कव्हर घातलं तर वजन आणि ऊब फोमपर्यंत पोचतच नाही, आणि महाग फोम साध्या फोमसारखा वागतो.

पायरी ७: घरी आल्यावर

खोकं उघडलं की नव्या फोमचा वास येतो. खिडक्या उघड्या ठेवून गादी मोकळी ठेवा. बहुधा काही दिवसांत वास जातो. दमा असलेल्यांनी तोवर दुसऱ्या खोलीत झोपावं. आठवड्यानंतरही डोकं दुखण्याइतका वास असेल तर ट्रायलची मुदत वापरून परत करा.

पलंगाच्या पट्ट्यांमधली फट ७-८ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर फोम फटींत उतरतो आणि वॉरंटीही जाते. जमिनीवर थेट गादी टाकली तर खालून ओल धरते आणि बुरशी येते. फोमची गादी धुवायची नाही. कडक उन्हातही टाकायची नाही, कारण उन्हाने पॉलियुरेथेन पिवळा पडून कुसकरतो. सावलीत वारं लागू द्या. एका बाजूलाच मेमरी फोम असल्याने ती उलटायची नसते, डोक्याची बाजू पायाकडे मात्र दर तीन-चार महिन्यांनी फिरवा.

वर्षातून दोनदा चादर काढून गादीवर आडवी दोरी ताणून धरा आणि झोपायच्या जागी दोरीपासून फोमपर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. पट्टीसकट फोटो काढून तारखेसह ठेवा, आणि बिल व आतलं लेबल यांचाही फोटो त्याच फोल्डरमध्ये टाका. लेबल कापलेलं असेल तर अनेक कंपन्या दावा नाकारतात.